क्लचमामांनी निवडलेला ट्रॅक्टर

बसमध्ये क्लचमामांच्या डाव्या हाताला बसायचं नाही, हा आमच्या फार्मवर नव्या माणसाला सांगितला जाणारा पहिला नियम होता. पगार कोणत्या तारखेला होतो आणि साप कुठल्या बांधातून निघतात, हे त्यानंतर. बसच्या ड्रायव्हरने गिअर बदलायला हात घातला की मामांचा डावा पाय आपोआप उचलला जाई आणि धाडकन खाली येई. त्याच्याखाली तुमचा पाय असला, तर तो गेला. मी नवा होतो आणि मला कुणी काही सांगितलं नव्हतं. जोगेश्वरीपासून अंधेरीपर्यंत त्या ड्रायव्हरने एकवीस वेळा गिअर बदलला. माझ्या उजव्या पायाची करंगळी तेव्हापासून पोह्याच्या पापडासारखी आहे. खोटं वाटत असेल तर घरी या, दाखवतो.

मी कळवळलो तेव्हा मामा म्हणाले, "माका म्हायत नाय रे झाला ता. पण ह्या ड्रायव्हरान शेवटचो गिअर उशिरा टाकल्यान, ता तुका कळला?"

मी वाढवून सांगतो असा माझ्यावर सरसकट आरोप आहे. मला तो मान्य आहे. पण माझी अडचण समजून घ्या. क्लचमामांबद्दल आहे तेवढंच सांगितलं तरी लोक त्यातलं निम्मं कापून घेतात. म्हणून मी दुप्पट सांगतो. कापाकापी होऊन खरं तेवढं बरोबर उरतं.

तर, आरे कॉलनीच्या कडेला, जोगेश्वरीच्या अंगाला, एका ट्रस्टचा चाऱ्याचा फार्म होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वर टेकाडावर दीडशे म्हशींचा गोठा, खाली नाल्याकाठी हिरव्या गवताची खाचरं, आणि दोहोंच्या मध्ये एक चढण. ती चढण इतकी उभी होती की खालून वर बघताना टोपी मागे पडे आणि वरून खाली बघताना चष्मा पुढे. दुपारी दोन वाजता म्हशींच्या धारा निघत. त्याआधी ताजं गवत गव्हाणीत पडलं नाही तर म्हशी पान्हा चोरत, दूध घटे, आणि वाकोल्यापासून गोरेगावपर्यंत ज्या दवाखान्यांना आणि बालवाड्यांना आमचं दूध जाई, तिथून ओरड सुरू होई. थोडक्यात, अख्खा फार्म त्या चढणीवर टांगलेला होता, आणि चढण क्लचमामांवर.

मी तिथे सुपरवायझर. दापोलीहून शेतीची पदवी घेऊन आलेलो. गवताच्या सतरा जातींची लॅटिन नावं मला पाठ होती आणि त्यातलं एकही गवत मला ओळखता येत नव्हतं. मामा चारचौघांत मला "सायब" म्हणत आणि एकटा सापडलो की "मेल्या". या दुसऱ्या हाकेत जास्त मान आहे हे कळायला मला वर्ष लागलं.

मामा कुडाळकडचे. वडील गिरणीत होते. त्यांनी सोळाव्या वर्षी मुलाला मागावर उभं केलं आणि तिसऱ्या दिवशी मुलगा पळाला. कारण काय, तर आवाज सोसवत नाही. पळून कुठे गेला, तर ट्रॅक्टरवर! तोही आमच्या फार्मवरच्या 'म्हातारी'वर. ही म्हातारी म्हणजे कुणा गोऱ्या साहेबाने मागे टाकून दिलेला अवाढव्य ट्रॅक्टर. ती सुरू झाली की गोठ्याचे पत्रे थरथरत, आणि आरेच्या जंगलातला एक बिबट्या तर तिच्या आवाजाला कंटाळून सहकुटुंब ठाण्याकडे राहायला गेला, असं पाड्यावरची माणसं शपथेवर सांगत. आवाजाला भिणारा आमचा माणूस त्या धडधडाटात सव्वीस वर्षं बसला. "गिरणीतलो आवाज दुसऱ्याचो होतो," मामा म्हणत, "ह्यो माझो."

म्हातारीचा क्लच हा वेगळाच प्रकार होता. गोठ्यातल्या दोन भय्यांनी, दोघेही तालमीतले, एकदा पैज म्हणून तो दाबायचा प्रयत्न केला. एकाच्या धोतराची गाठ सुटली आणि दुसऱ्याला उचकी लागली ती होळीपर्यंत थांबली नाही. मामा तोच क्लच दिवसातून दोनशे वेळा दाबत, तेही विडी न विझू देता.

त्यांचा एक मंत्र होता. चढणीच्या पायथ्याशी ते म्हातारीला क्षणभर थांबवत, मागे वळून ट्रॉलीतल्या गवताचा अंदाज घेत, खालचा गिअर टाकत आणि म्हणत, "गिअर चढणीच्या आधी निवडूचो. चढणीर निवडूक गेलो तो मागे इलो." भरली ट्रॉली घेऊन अर्ध्या चढणीवर जो क्लच दाबतो आणि गिअर बदलायला जातो, त्याला तीन टन ओलं गवत खाली खेचत नेतं, एवढाच त्याचा अर्थ. पण मामा ते असं म्हणत की पोरीचं लग्न ठरवणाऱ्या गोठ्यातल्या मुकादमानेही ते ऐकून दोन दिवस विचार केला.

आणि मग त्यांचा गुडघा गेला.

एकदम नाही गेला. आधी ते उतरताना मडगार्डला धरू लागले, मग चढताना. मग एक दिवस मी त्यांच्या खोलीवर गेलो, तर मामी त्यांच्या डाव्या गुडघ्याला तेल चोळत होत्या आणि गुडघा नारळाएवढा सुजला होता. विहिरीशेजारची ती खोली ड्रायव्हरसाठी होती. जो ट्रॅक्टर चालवील त्याची. मामींनी तिथे अळू, केळी आणि एक माडही लावला होता.

"डाक्टर म्हणता, क्लच सोडा नायतर पाय सोडा," मामी म्हणाल्या. "आणि हे काय म्हणतत? विचार तेंका."

"मी म्हटलंय, पाय ऱ्हवांदे बाजूक, आधी इंजेक्शन दी," मामा म्हणाले. मग माझ्याकडे बोट रोखून, "आणि तू भायर खंय बोललंस तर म्हातारीखाली घालीन."

मी बोललो नाही. दोन वर्षं बोललो नाही. माझ्यासारख्या माणसाने दोन वर्षं एक गोष्ट पोटात ठेवणं म्हणजे काय असतं, ते माझ्या बायकोला विचारा.

म्हातारी मेली ती भर चढणीवर, भरल्या ट्रॉलीसकट. आतून असा आवाज आला की कुणीतरी पितळी भांड्यांचा संसार विहिरीत टाकला. मामांनी शांतपणे ब्रेक दाबला, मागच्या चाकाला दगड लावायला सांगितलं, खाली उतरले आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "बस गो बाये. खूप झाला." आठ दिवस आम्ही डोक्यावरून भारे वाहून गवत वर नेलं. बाया, भय्ये, मी, सगळे. दूध घटलंच.

ट्रस्टचे शेठ घाटकोपरला राहत. पांढरे कपडे, पांढरे बूट, आणि यंत्रातलं आपल्याला काही कळत नाही हे मोकळेपणाने सांगणारा माणूस. त्यांनी दोन छोटे ट्रॅक्टर महिनाभर चालवून बघायला मागवले. एक लाल, नेहमीसारखा गिअरचा. दुसरा नारिंगी, कुठल्याशा प्रदर्शनासाठी जपानहून आलेला, आणि त्याला 'हायड्रोस्टॅटिक' म्हणायचं. त्याच्यात गिअर बदलायचे नाहीत आणि क्लच दाबायचा नाही. उजव्या पायाखाली दोन पेडल. एक दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की मागे. जितकं दाबाल तितका वेग. आत पंप तेल ढकलतो आणि त्या तेलाच्या दाबावर चाकं फिरतात.

"मामा, माझ्या बाजूने फायनल तुमी," शेठ सगळ्यांसमोर म्हणाले. "तुमी बोलाल तो घ्यायचा. चालवणार शेवटी तुमीच ना?"

मी त्या नारिंगी ट्रॅक्टरच्या पेडलांकडे बघत होतो. क्लच नाही! देवाने आमच्या मामांचा गुडघा बघून जपान्यांना पत्र घातलं होतं. हा आला तर मामा ट्रॅक्टरवर, खोलीत, फार्मवर. तो लाल आला तर मामांचा पाय जाणार, नाहीतर नोकरी. इतका साधा हिशेब.

मामी म्हणाल्या, "गावाक कळवतंय. देवाक कौल लावून घेवया." त्यांच्या गावी अडलेल्या गोष्टीला देवाच्या अंगावर फुलांचे कळे चिकटवून, कुठल्या बाजूचा आधी पडतो त्यावरून उजवा-डावा कौल घ्यायची रीत.

"देवाक कित्याक तरास?" मामा म्हणाले. "आपल्याक चढण आसा मां. तिका विचारूया."

पहिला दिवस नारिंगीचा. कंपनीचा टायवाला माणूस समजावून सांगायला आला होता. रिकाम्या ट्रॉलीत शेठ उभे, मी उभा, आणि कौतुक बघायला आलेल्या दहाबारा गवत कापणाऱ्या बाया. मामा बसले, पुढे जायचं पेडल दाबलं, ट्रॅक्टर लोण्यातून सुरी जावी तसा निघाला. बायांनी "आई गं" केलं. वेग आला. आणि वेग आल्यावर सव्वीस वर्षांची सवय जागी झाली. गिअर बदलायला म्हणून मामांचा डावा पाय वर गेला आणि पूर्ण ताकदीने खाली आला. त्या पायाखाली क्लच नव्हता. ब्रेक होता.

ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. आम्ही थांबलो नाही. शेठ माझ्यावरून गेले, मी बायांवरून, आणि टायवाला, जो मडगार्डवर बसला होता, तो थेट गवताच्या गंजीत डोकं खाली पाय वर. त्याचे बूट तेवढे दिसत होते. शेठच्या पांढऱ्या कपड्यांवर शेणाचा नकाशा उमटला होता, त्यात काठियावाड स्पष्ट ओळखू येत होता.

"मामा, ये क्या है?" शेठ बसल्या जागेवरून ओरडले.

"ब्रेक चांगले आहेत, शेठ," मामा गंभीरपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हेच. तिसऱ्या दिवशी मामांनी खांद्यावरचा पंचा काढला, डावा पाय सीटच्या दांड्याला घट्ट बांधला, वर दोन गाठी मारल्या आणि त्या पायाला दम भरला, "आता हल बघू." मग आम्ही जे पाहिलं ते काय सांगू! बांधांमधल्या अरुंद पट्ट्यांत गवत कापायचं म्हणजे पुढे-मागे, पुढे-मागे. म्हातारीवर याला अर्धा दिवस जाई. नारिंगी तिथे फुगडी घालत होता. ट्रॉली उलटी शेडमध्ये घालायला लाल ट्रॅक्टरला तीनदा मागेपुढे करावं लागे, मामांनी नारिंगीवरून ती एका दमात, सुईत दोरा ओवावा तशी घातली. चौथ्या दिवशी मी त्यांना ट्रॅक्टरवर बसून दशावतारातली गाणी म्हणताना ऐकलं. आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी ते खोलीकडे चालत गेले तेव्हा लंगडत नव्हते. मामी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनीही ते पाहिलं. त्या दिवशी त्यांनी मला दोन तळलेले बांगडे जास्त वाढले.

त्या बांगड्यांना स्मरून मी ठरवलं. काहीही करून नारिंगीच आला पाहिजे.

खरी परीक्षा चढणीची राहिली होती. दोन्ही ट्रॅक्टरनी एकाच दिवशी, सकाळी नऊपासून, लागोपाठ तीन-तीन भरलेल्या ट्रॉल्या वर न्यायच्या, तेही ऐन मे महिन्याच्या उन्हात. अहवाल मी लिहायचा. लालने आपल्या तीन फेऱ्या केल्या. धापा टाकल्या, धूर सोडला, पण केल्या. मामा प्रत्येक फेरीनंतर गुडघा धरून मिनिटभर थांबत होते. मग नारिंगीची पाळी आली, आणि ट्रॉली भरायचं काम मी माझ्या देखरेखीखाली घेतलं.

मी ती पोकळ भरली. आत रिकाम्या टोपल्या पालथ्या घातल्या, त्यांच्यावर भारे तंबूसारखे उभे लावले, वरून ओलं गवत शिगोशीग. बाहेरून बघाल तर तीन टन, आत निम्मी हवा. बायांना सांगितलं, कुणी बोलायचं नाही. त्याही मामांच्याच बाजूच्या. तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मामा चढणीच्या पायथ्याशी आले. थांबले. मागे वळून ट्रॉलीकडे पाहिलं. नारिंगी पाचेक पावलं वर घेतला आणि पुन्हा थांबवला.

"सायब," त्यांनी मला हाक मारली. सगळ्यांसमोर होते म्हणून 'सायब'. "हकडे या."

मी गेलो.

"ह्या ट्रॉलीत गवत आसा की तुझ्यो गजाली?"

मी काही तरी बोललो. ओलावा, घनता, दापोलीत शिकलेले दोन शब्द. मामांनी पायाचा पंचा सोडला, खाली उतरले, लंगडत मागे गेले आणि बाजूच्या फळीवर मूठ आपटली. आतून टोपली वाजली. बाया हसायच्या थांबल्या.

"रिकामी कर. सगळी. आणि भर मगे नीट. तू भर. बायांनी हात लावूचो नाय."

ती ट्रॉली मी एकट्याने, मेच्या उन्हात, पुन्हा भरली. माझं वजन त्या तासाभरात सात किलोने उतरलं. ते अजून परत आलेलं नाही, पोट दिसतं ते वेगळं आहे.

पहिली फेरी नारिंगीने झकास नेली. दुसरीत तो अर्ध्यावर हळू झाला, मुंगीच्या चालीने, पण गेला. तिसऱ्या फेरीत चढण निम्मी राहिली असताना समोरचा तांबडा दिवा लागला. तेल तापलं होतं. पेडल पूर्ण दाबलेलं, इंजिन ओरडतंय आणि चाकं जागेवर. टायवाला धावत आला, "थांबवा, थांबवा, थंड होऊ द्या!" मामांनी थांबवला. घड्याळात सव्वा वाजला होता. दोन वाजले तेव्हाही तेल थंड झालं नव्हतं. वर म्हशी ओरडत होत्या. शेवटी लाल ट्रॅक्टर पुढे बांधून मामांनीच तो दोरखंडाने वर काढला, स्वतःच्या डाव्या पायाने क्लच दाबून. उतरले तेव्हा ओठ दाताखाली धरला होता.

त्या संध्याकाळी मी खोलीवर भांडायला गेलो. मी शिकलेला होतो, माझ्याकडे मुद्दे होते.

"मामा, ओझं कमी भरू. एक फेरी वाढवू."

"फेरी वाढवलंस तर दोन वाजता गवत पोचतला?"

"सकाळी तासभर लवकर निघू."

"आणि जून म्हयन्यात? चिखलात? गवत दुप्पट ओला आसता तेव्हा?" त्यांनी गुडघ्यावरचं फडकं घट्ट केलं. "आणि त्येचो पंप गेलो मगे? त्या तेलात वायच कचरो गेलो तरी तो रुसता, त्या टायवाल्यान सांगितल्यान. हयसर हवेतच शेण आसा. लाल्याचो गिअर मोडलो तर जोगेश्वरीच्या नाक्यावरचो कोण पण लेथवालो दुसरो कापून देतलो. ह्येका काय, जपानाक पत्र घालूचा? आणि उत्तर येयसर म्हशी काय खातल्यो, तुझो रिपोर्ट?"

मी मामींकडे पाहिलं. त्या चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या.

"म्हशींचा झाला," त्या तशाच म्हणाल्या. "आता माझा सांगा. माका खंय न्हेतलात?"

"गावाक."

"लग्न झाला तेव्हा काय सांगितलात? दोन वर्सांत गावाक परत जाव. त्येका बावीस वर्सां झाली."

"मगे? जातंव मां आता."

मामी उठल्या, भाताचं भांडं चुलीवरून खाली आपटलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्या माणसान आयुष्यात एक कांदो निवडून आणूक नाय. सगळे कुजके. आणि आता ट्रॅक्टर बघा कसो पारखून घेता!" आणि त्यांनी पदर डोळ्याला लावला. मला कळेना, या माणसाचा राग करायचा की पाया पडायचं. मी भात जेवलो.

रविवारी शेठ आले. मामा स्वच्छ सदरा घालून उभे होते. शेठसमोर ते नेटकं, शहरी मराठी बोलत. त्यामुळे ते दर वेळी कोर्टात साक्ष दिल्यासारखं वाटे.

"शेठ, लाल घ्या. नारिंगी वाईट नाही. सपाट बाग असती, दिवसभर मागेपुढे करून गवत कापायचं असतं, तर मीच म्हटलं असतं, हा घ्या. पण आपलं काम ओढायचं आहे. चढणीवर, ओझं घेऊन, रोज."

"बरोबर आहे. मग लाल फायनल. चालवा तुमी, मस्त."

"मी नाही चालवणार. माझा गुडघा दोन वर्षांपूर्वीच गेला. क्लच दाबवत नाही."

शेठचा चेहरा उजळला. "अरे, मग तो दुसराच घ्या ना! त्याला क्लचच नाय. तुमाला आराम! माझी काय ना नाय."

हे म्हणजे मी महिनाभर ज्याची वाट बघत होतो ते वाक्य. मी मामांना डोळ्यांनी खुणावलं, हातांनी खुणावलं, मागच्या म्हशीनेही मान हलवली.

मामा म्हणाले, "शेठ, ट्रॅक्टर माझ्या गुडघ्यासाठी घेताय की गोठ्यासाठी?"

शेठ भला माणूस. त्यांनी लगेच गेटवरची नोकरी देऊ केली. बसून काम, आणि खोलीही दुसरी बघू म्हणाले. मामांनी हात जोडले. "ट्रॅक्टर दुसऱ्याने चालवायचा आणि मी गेट उघडायचं, हे मला जमणार नाही. आवाज आला की पाय ऐकणार नाही." आणि माझ्याकडे वळून, न विचारता जाहीर केलं, "नवा ड्रायव्हर मिळेपर्यंत हे सायब चालवतील. मी शिकवतो."

ती पोकळ ट्रॉलीची शिक्षा होती. तीन आठवडे मामा मडगार्डवर बसले आणि मी सीटवर. पहिल्या दिवशी मी क्लच असा सोडला की लाल्याने बेडकासारखी उडी मारली आणि गोठ्यातल्या म्हशींनी त्या दुपारी थेट ताक दिलं. दुसऱ्या दिवशी मी शेणखड्ड्यात. मामांनी एकदाही आवाज चढवला नाही. फक्त मी चढणीच्या पायथ्याशी आलो की ते माझ्या हाताकडे बघत. मी मागे वळून ओझं बघायचो, खालचा गिअर टाकायचो. एकदा घाईत विसरलो, अर्ध्यावर इंजिन गुदमरलं, मी क्लच दाबला आणि तीन टन गवत मला मागे घेऊन निघालं. मामांनी वाकून माझ्या पायावरून हातानेच ब्रेक दाबून धरला. दोन्ही हातांनी, गुडघे टेकून, त्याच गुडघ्यावर. ट्रॉली थांबली. खाली बाया होत्या.

मामांनी माझा पाय उचलून ब्रेकवर ठेवला. मग म्हणाले, "परत खाली न्हे. परत चढ." मी चढलो. त्या दिवसापासून मी गिअर कधी विसरलो नाही. मी बाकी कशाबद्दलही थाप मारीन, याबद्दल नाही.

मामा-मामी गावाला निघाले त्या सकाळी मी लाल्याला ट्रॉली जोडली आणि दोघांना बोरिवलीच्या एसटी स्टँडवर सोडायला निघालो. ट्रॉलीत एक ट्रंक, दोन वळकट्या, मामींचा पाटा आणि वरवंटा, आणि मुळासकट काढून गोणपाटात बांधलेलं अळू. मामा ट्रंकेवर बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा ट्रॉलीत. हायवेवर मागून येणारे ट्रकवाले हॉर्न मारत होते, मी हलत नव्हतो.

स्टँडवर सामान टपावर चढवलं. मामी आत जाऊन खिडकीशी बसल्या. मामा पायरीवर एक पाय ठेवून उभे होते, आणि मला महिनाभर जे विचारायचं होतं ते मी विचारलं.

"मामा, खरं सांगा. दोघांतला तुम्हाला आवडला कुठला?"

"विचारतंस काय? तो जपानी!" मामांचा चेहरा असा काही खुलला की मी बघतच राहिलो. "अरे मेल्या, पाय बांधून त्येच्यावर बसलंय आणि माका वाटला, ह्यो माझ्याचसाठी कोणीतरी थंय बसून केलेलो आसा. माका गुडघो आसा, ह्याच मी विसारलंय. काय गुळगुळीत! काय वळता!"

"मग?"

"मगे काय? मी विसारलंय म्हणान चढण विसारतली?"

कंडक्टरने घंटी दिली. मामा दांडा धरून, तोंड वाकडं करत वर चढले आणि मामींच्या शेजारी बसले. बस हलली. मी हात वर केला. खिडकीतून मामांचं डोकं बाहेर आलं.

"हात कसले दाखवतंस? अकरा वाजले!"

मी हात खाली घेतला आणि लाल्या सुरू केला. तिकडे खाचरात कापलेलं गवत पडून होतं, आणि दोनच्या आत ते वर पोचायला हवं होतं.